बिबळ्याचा पेला

आमच्या घरात लाकडाच्या वस्तूंना कुणी भांडी म्हणत नसे. भांडी म्हणजे तांब्या-पितळेची. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा तेव्हा अंगणात ओळीनं मांडली जायची ती. काठवट, रवी, चाटू, पाट, पायली, चिपटं हे सगळं नुसतं ‘सामान’. काठवटीत रोज चाळीस-पन्नास भाकरी थापल्या जायच्या, तरी ती चुलीमागच्या भिंतीला टेकून उभी. मांडणीवर पितळी डब्यांच्या रांगेत बसायचा मान मिळालेली लाकडाची वस्तू घरात एकच होती, ती म्हणजे आबांचा, आमच्या आजोबांचा, पेला.

परवा बारामतीला चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जेवणं उरकली, मांडव निवांत झाला आणि आम्ही सातही भावंडं एका सतरंजीवर बसलो. तीन सख्खी, चार चुलत. पण तो हिशोब आम्हाला लग्नं होईपर्यंत ठाऊकच नव्हता. कुणीतरी पेल्याचं नाव काढलं. थोरल्या ताईला त्या पाण्याची तुरट चव आठवली. बापूला सुतारतात्यांचे पिवळे झालेले तळहात आठवले. धाकटी म्हणाली, “मला तो निळा रंग आठवतो.” बापूचा मुलगा हसला. लाकडाच्या पेल्यात निळा रंग कुठून येणार? मग आम्ही सातहीजण एकदम सांगायला लागलो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणारं, पण टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडचं. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर हा कालवा झाला. १८८५ साली त्याला पाणी सुटलं. त्याच्यासाठी वर भोरजवळ भाटघरला पाणी अडवलं, आणि पुढं १९२८ साली तिथंच मोठं लॉईड धरण झालं. भोरचं पाणी बारामतीवरून आमच्यापर्यंत पोचायचं तेव्हा त्यातलं किती उरलंय ते चारीच्या तोंडाशी उभं राहून बघावं लागे. तरी पाटाच्या पाण्यानं गावात ऊस आला आणि उसामागून गुऱ्हाळं आली. भवानीनगरचा कारखाना झाल्यावर ऊस बैलगाड्यांनी तिकडं जाऊ लागला. यातलं पुष्कळ आबांनी पाहिलं होतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी गुऱ्हाळाच्या चरकात सापडली होती. ती पुढं कधी सरळ झालीच नाहीत.

१९७२च्या दुष्काळात टेलचं पाणी बंदच झालं. माणसं रस्त्यावर खडी फोडायला गेली, शाळेत सुकडी मिळायची, घरात लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. त्या वर्षी आबा वाळत गेले. उपासमारच आहे, कोण वाळलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, घरात शाळूची ज्वारी आली, तरी आबा भरले नाहीत. रात्री चार-चार वेळा उठून तांब्या-तांब्या पाणी प्यायचे. बारामतीच्या डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा आजी ओट्यावर बसून म्हणाली, “जल्मभर ऊस लावला आन् साखर अशी फेडतीय व्हय?”

काका तेव्हा बारामतीला विज्ञान शिकत होता. तपासणी त्याच्याकडं आली. बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, काचनळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. आजीनं हा प्रकार स्वयंपाकघराच्या जवळपासही येऊ दिला नाही. तो गोठ्यात चालायचा, आणि आम्ही सातहीजण दावणीवर बसून बघायचो. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर आबांची भाकरी अर्धी. पहिल्या दिवशी नळी थेट विटकरीसारखी तांबडी झाली. आबांनी ती उजेडात धरून पाहिली, काहीच बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून गुळाचा खडा तोंडात घातला नाही. गोळ्या सुरू झाल्याच होत्या.

आबांची धाकटी बहीण भोरकडं दिली होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. दुखण्याची बातमी कळल्यावर ती भावाला बघायला आली ती एसटीच्या टपावर एक ओंडका घालूनच. सव्वा वीत जाड, हातभर लांब, सालीवर वाळलेल्या रक्तासारखे तांबडे ओघळ. आम्ही पोरं घाबरून लांब उभे राहिलो. तो बिबळा होता. सह्याद्रीच्या पावसाच्या बाजूला होणारं झाड. आमच्याकडं बाभूळ, लिंब आणि चिंच, त्यामुळं बिबळा कुणी पाहिलेला नव्हता. त्याच्या सालीवर घाव घातला की तांबडा चीक येतो. वैद्य त्याला विजयसार म्हणतात. आत्याआजीच्या बांधावरचं झाड वादळात आडवं झालं होतं, त्याचा हा तुकडा. “याचा पेला करून घे,” आत्याआजी भावाला म्हणाली, “रात्री पाणी भरून ठेव, सकाळी उपाशीपोटी पी. आमच्याकडं सगळे पितात.”

ओंडका सुतारमेटावर गेला. मेट वेशीच्या आत, चिंचेखाली. तिथं कायम औतं पडलेली: कुळव, पाभर, तिफण, मोडलेलं जू, गाडीचं चाक. शेजारच्या ओढ्याच्या डोहात बाभळीची खोडं महिनोन्‌महिने बुडवून ठेवलेली असायची, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. सुतारतात्या आबांच्याच वयाचे. आमच्या आजीची काठवट त्यांच्या वडलांनी केलेली, आणि तिला गेलेल्या चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली ती तात्यांनी. त्यांनी बिबळ्याचा ओंडका उचलून पाहिला, वाकसानं एक ढलपी काढली, ती थुंकीनं ओली करून तळहातावर घासली. हात पिवळा झाला. “सागापरीस जड हाय,” ते म्हणाले. “आन् हे रंग सोडतंय.”

तात्यांनी पहिला पेला उभ्या लाकडाचा केला. आम्ही शाळेतून सुटलो की थेट मेटावर. ओंडक्याच्या मधली गाभ्याची रेघ टाळून त्यांनी एक उभा ठोकळा करवतीनं काढला. ती रेघ पेल्यात राहिली तर तिथून तो उकलतो. बाहेरचं पांढुरकं लाकूड सगळं तासून टाकलं, कारण औषध असतं ते आतल्या तपकिरी गाभ्यात. मग गिरमिटाच्या पात्याला दोरा बांधून खोलीची खूण केली आणि त्या खुणेपर्यंत एकाला एक लागून भोकं पाडली. भोकांच्या मधल्या भिंती पटाशीनं फोडल्या. आतला गोलावा घेण्यासाठी त्यांनी लोहाराकडून एक झिजलं खुरपं वाकवून आणलं होतं, आकड्यासारखं. पेला मांडीत धरून ते पातं आत फिरवायचे तेव्हा आतून केसासारखी पिवळी साल निघायची. ती आम्ही खिशात भरून न्यायचो. शाळेच्या सदऱ्यांच्या खिशांना पिवळे डाग पडले म्हणून तिघांनी मार खाल्ला. कुणी कुणी, ते त्या दिवशी सतरंजीवरही ठरलं नाही.

पेला देखणा झाला. उंच, सरळ, ओठाकडं किंचित उमललेला. आजीनं पाणी भरून मांडणीवर ठेवला. सकाळी पेला अर्धा रिकामा, आणि मांडणीवरून खाली डाळीच्या डब्यापर्यंत पिवळी धार. कुठंही चीर नव्हती. पाणी तळातूनच पाझरलं होतं.

तात्यांना बोलावणं गेलं. ते आले, पेला उलटा धरून त्यांनी तळाला तोंड लावलं आणि फुंकर मारली. आतल्या ओलीवर बारीक बुडबुडे आले. लाकडाच्या नळ्या उभ्या असतात, झाड त्यांतूनच पाणी ओढतं. उभ्या लाकडाचा तळ म्हणजे त्या सगळ्या नळ्यांची उघडी तोंडं. तात्या बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग चुलीमागच्या काठवटीकडं बोट करून म्हणाले, “बापानं हितं करून दावलंय आन् म्या पेल्याला इसरलो.” काठवट कधी उभ्या लाकडाची करत नाहीत. खोड उभं चिरून अर्ध्या खोडाच्या पोटात ती कोरतात, म्हणजे रेषा तळाला आडव्या जातात आणि नळ्या पाण्याकडं तोंड करत नाहीत. कणीक भिजवताना काठवट गळत नाही ती यामुळं.

दुसरा पेला त्यांनी काठवटीसारखा काढला. उरलेला ओंडका उभा चिरला, अर्ध्या भागात आडवा पेला बसवला. ओंडक्याच्या जाडीत बसेल तेवढीच उंची मिळणार, म्हणून हा पेला बुटका झाला, बैठा, करंगळीएवढ्या जाड भिंतीचा. कोरण्याआधी तात्या घरी आले आणि आबांना म्हणाले, “हात दावा.” ओला दोरा त्यांनी आबांच्या मुठीभोवती गुंडाळला, वाकड्या बोटांवरून दोनदा फिरवला, आणि दोऱ्याला गाठी मारून घेतल्या. पितळी तांब्या आबांच्या उजव्या हातातून निसटायचा, म्हणून ते डाव्या हातानं पाणी प्यायचे. लोकांत ते त्यांना कमीपणाचं वाटायचं. तात्यांनी पेल्याच्या एका अंगाला अंगठ्यासाठी खळगा घेतला, दुसऱ्या अंगाला वाकड्या दोन बोटांच्या पेरांसाठी दोन. रंधा कुठं लावलाच नाही. बाहेरून फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडून खरवडून गुळगुळीत केलं. काठवटीला करडईचं तेल पाजतात तसं याला पाजलं नाही. तेलानं लाकडाची तोंडं बुजली तर पाण्यात काही उतरणार नाही.

आमच्यापैकी दुसऱ्या कुणी तो उचलला तर तो हातात नीट बसायचा नाही, कुठंतरी बोट अडखळायचं. आबांनी उजव्या हातात घेतला आणि तो बसला. तात्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. औताचं काम सुगीच्या बलुत्यात बसायचं, घरच्या वस्तूंचं वेगळं असायचं. आजीनं तात्यांच्या बायकोला चोळीचा खण दिला आणि ज्वारी मोजून दिली, तात्यांनीच केलेल्या पायलीनं, वर शीग लावून.

रात्री निजायच्या आधी आजी पेला भरायची. पहाटे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असायचं. आबा पूर्वेकडं तोंड करून ओट्यावर बसायचे आणि एका दमात प्यायचे. तळाला घोटभर ठेवायचे. तो घोट आमचा. सात जणांत तो कसा वाटायचा यावर रोज भांडण. चव चांगली नव्हती, जिभेला तुरट ओढ बसायची, तरी वाटा कुणी सोडत नसे.

निळा रंग सापडला तो या भांडणातूनच. घरात काचेचा ग्लास एकच होता, पाहुण्याच्या सरबतासाठी. वाटा डोळ्यांना दिसावा म्हणून बापूनं एकदा पेल्यातलं पाणी त्यात ओतलं. ऊन नुकतं गोठ्याच्या दारात पडलं होतं. ग्लासातून उन्हाकडं पाहिलं तर पाणी मधासारखं पिवळं. पण ग्लास उन्हात धरून बाजूनं, गोठ्याच्या काळोख्या दाराकडं पाहत बघितलं, तर त्याच पाण्याच्या कडेला मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा. हलवलं की निळा हलायचा. सावलीत नेलं की गेला. काका काचनळी धुवत होता तो हातातलं टाकून आला. आबांनी ग्लास घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आजीला हाक मारली. आजी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून आली. ती करपली, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही बोललं नाही.

हा निळा आम्ही आमच्याच घरची करामत समजत होतो. पुष्कळ वर्षांनी वाचलं, सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस यानं १५६५ साली मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाबद्दल लिहिलं होतं. ते पाण्यात ठेवलं की पाणी निळं होतं आणि मूत्रविकारावर लोक ते पितात. पुढं अशा लाकडाचे पेले युरोपातल्या राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून जात. रॉबर्ट बॉईलनं त्या पाण्यावर प्रयोग करून १६६४ साली लिहिलं की आम्ल घातलं की निळा जातो, क्षार घातला की परत येतो. सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं हे पेले नक्की कोणत्या झाडाचे यावर गोंधळ होता. १९१५ साली विल्यम सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं उलगडा केला की त्यात दोन वेगळी झाडं मिसळली होती, एक मेक्सिकोचं आणि एक फिलिपाईन्सचं. फिलिपाईन्सचं ते झाड आमच्या बिबळ्याचं सख्खं भावंड, टेरोकार्पस याच कुळीचं. मी हे वाचलं त्या रात्री बापूला फोन केला. “म्हणजे राजाला जे मिळायचं ते आबांना मिळालं,” तो म्हणाला. मला वाटतं आबांना जास्त मिळालं. राजाच्या बोटांचं माप कुणी घेतलं नसणार.

पेल्यानं आबांची साखर उतरली का, हे काकाला विचारलं तर तो नीट सांगतो. नळी विटकरीवरून हिरव्यावर आली हे खरं. पण गोळ्या चालू होत्या, गूळ सुटला होता, भात बंद होता. विजयसारावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं चाचणी घेतली, तिचा अहवाल १९९८ साली आला आणि तो आशादायक होता. पण ती चाचणी मोजून दिलेल्या अर्काची होती, पेल्यातल्या पाण्याची नव्हे. गोळ्या सोडून पेल्यावर राहायचं नाही, असं काका पुतण्यांना आजही बजावतो. आबांनीही कधी गोळी चुकवली नाही. एवढं मात्र आम्ही सातहीजण सांगू: पेला आल्यापासून आबा लोकांत उजव्या हातानं पाणी प्यायला लागले.

आषाढाच्या वारीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडीचं रिंगण करून निमगाव केतकीला येते, आणि दिंड्या आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबतात. आबा दारात रांजणाशी उभे राहून वारकऱ्यांना पाणी द्यायचे, आणि शेवटी त्यांच्यातलाच एक होऊन स्वतःच्या पेल्यानं प्यायचे. एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं पेला हातात घेऊन कपाळाला लावला आणि रोहिदासांच्या काठवटीत गंगा आली ती गोष्ट आम्हा पोरांना सांगितली. तात्या शेजारी उभे होते. त्यांनी खाली मान घातली ती वारकरी जाईपर्यंत वर केली नाही.

रंग फिका पडायला लागला की तात्या वाकडं पातं घेऊन घरी यायचे आणि पेला आतून कागदाएवढा खरवडून द्यायचे. नवं लाकूड उघडं पडलं की पाण्याला पुन्हा रंग चढायचा. असा तो बारा वर्षं चालला आणि शेवटी शेवटी उजेडात धरला तर भिंत तांबूस दिसायची इतका पातळ झाला. त्या बारा वर्षांत गावात ट्रॅक्टर आले, बैलगाडीला टायरची चाकं आली, आजीच्या हातात स्टीलची परात आली. मेटावर औतं पडेनाशी झाली. तात्यांचा मुलगा बारामतीला एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपला लागला. ओतकामाआधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, ते काम. सुट्टीला आला की बापाला मिलिमीटरच्या गोष्टी सांगायचा. तात्या ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “दोऱ्याला गाठ मारली तर काय वंगाळ?”

आबा १९८६ साली गेले. अस्थी नीरा-नरसिंहपूरला नेल्या, जिथं नीरा भीमेला मिळते. काकानं पेलाही बरोबर घेतला होता. अस्थी सोडल्यावर त्यानं तो पाण्यावर ठेवला. वाटलं होतं बुडेल. तो तिरका झाला, सावरला, नीरेच्या पाण्यातून भीमेच्या धारेला लागला आणि पंढरपूरच्या अंगाला वाहत गेला. भोरचं लाकूड, एसटीच्या टपावरून आलं आणि नीरेच्या पाण्यानं गेलं. घाटावर आम्ही सगळे उभे होतो. दिसेनासा होईपर्यंत कुणी पाय उचलला नाही.

पण पहिला, पाझरणारा पेला घरातच राहिला होता. आजीनं त्यात खडेमीठ भरून ठेवलं होतं. मिठाला पाझरायचं भय नाही. आजीनंतर तो ताईकडं इंदापूरला गेला. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिच्याकडं गेलो. मीठ काढून पेला तीन पाण्यांनी धुतला, भरला आणि खाली खोलगट ताटली ठेवली. सकाळी ताटलीत निम्मं, पेल्यात निम्मं. फिकट पिवळं. बापूनं ते काचेच्या ग्लासात ओतून गॅलरीच्या उन्हात धरलं. मागं अंधार हवा म्हणून ताईनं आपली काळी चंद्रकळा कपाटातून आणली आणि दोन्ही हातांनी ग्लासामागं धरली. आम्ही सगळे वाकलो. धाकटी म्हणाली, “आहे, कडेला आहे.” मला दिसला नाही, चष्मा बदलून पाहिलं तेव्हा नखाच्या कडेएवढा दिसला, पण कदाचित चंद्रकळेचाच असेल.

बापूच्या नातवानं मधेच हात घालून ग्लास ओढला आणि कुणी काही म्हणायच्या आत एक घोट घेतला.

“खारट आहे,” तो म्हणाला, आणि ग्लास शेजारच्या पोरीकडं दिला.